टर्बो स्वस्त, बाकी सगळं महाग

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक हिशोब कायम फिरत असतो. भंगारातून डिझेल गाडीचा टर्बो उचलायचा, ओळखीच्या वेल्डरकडून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जोडून घ्यायचं, दोन-चार सिलिकॉनचे पाइप आणि क्लिपा लावायच्या, की एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत वीस वर्षांची मारुती एस्टीम सिग्नलवरून आजच्या गाड्यांच्या पुढे निघते. हिशोब सांगणारा वस्तूंचे भाव तोंडपाठ सांगतो आणि ते भाव बहुधा खरेही असतात. बेरजेत चूक नाही, यादीतच निम्म्या वस्तू नाहीत. लग्नाचं बजेट काढताना फक्त मांडवाचं भाडं धरावं, तसा हा प्रकार आहे.

उलट बाजूचाही एक ठाम मतप्रवाह आहे. बाहेरून टर्बो बसवला की इंजिन गेलंच समजा, असं अनेक जुने मेस्त्री सांगतात. हेही खरं नाही. टर्बोने हवेचा दाब वाढवला म्हणून चांगल्या स्थितीतलं इंजिन लगेच फुटत नाही. ते मरतं ते चुकलेल्या मिक्श्चरने, चुकलेल्या टायमिंगने आणि न मोजलेल्या उष्णतेने. त्यामुळे इथला प्रतिवाद घरी बसवलेल्या टर्बोशी नाही, त्याच्या स्वस्ताईच्या हिशोबाशी आहे. तो हिशोब ज्या दाव्यांवर उभा आहे, ते एकेक करून तपासायला हवेत.

पहिला दावा फुकटच्या ताकदीचा. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर टर्बो फिरतो, म्हणून मिळणारी ताकद फुकट, असं सांगितलं जातं. यात अर्धं सत्य आहे. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा पाण्यावाटे रेडिएटरमध्ये जातो आणि उरलेला एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. या शेवटच्या हिश्श्यातला काही भाग पकडून टर्बाइन फिरवायचं आणि त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५ सालचं आहे. पण कॉम्प्रेसर फक्त हवा देतो. वाढीव हवेच्या प्रमाणात पेट्रोल द्यावंच लागतं, आणि दाबाखालच्या इंजिनाला ते प्रमाणापेक्षाही जास्त लागतं. एरवी एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. बूस्ट, म्हणजे हा वाढीव दाब, चालू असताना पिस्टन आणि व्हॉल्व्ह थंड राहावेत म्हणून हेच प्रमाण साडेअकरा-बाराच्या आसपास आणावं लागतं.

आकड्यांत पाहू. एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन कंपनीच्या आकड्याप्रमाणे ८५ अश्वशक्तीचं. पूर्ण रेसवर ते तासाला साधारण १९-२० किलो पेट्रोल पितं. त्याच इंजिनातून १२० अश्वशक्ती काढायची तर हा आकडा ३० किलोच्या वर जातो. ताकद चाळीस टक्क्यांनी वाढली, पेट्रोल दीडपटीहून अधिक झालं. कंपन्यांच्या टर्बो गाड्या मायलेज देतात, कारण त्यांनी १६०० सीसीच्या जागी १००० सीसीचं इंजिन घातलेलं असतं. आहे त्याच इंजिनावर टर्बो चढवला तर तो फायदा मिळत नाही. शिवाय आठ-दहा हजार आरपीएमचा तर प्रश्नच नाही, साध्या पाच हजारांवर हे वाढीव पेट्रोल वेळेत पोहोचवणारे इंजेक्टर आणि पंप लागतात. मूळचे इंजेक्टर मूळच्या ताकदीला थोडी सूट ठेवून निवडलेले असतात. मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि त्यांना सांभाळणारं नियंत्रण ही त्या स्वस्त यादीत नसलेली पहिली ओळ.

दुसरा दावा अधिक समंजस वाटतो: "बूस्ट कमी ठेवायचा, अर्धाच बार. काही होत नाही." अर्धा बार म्हणजे सुमारे ७ पीएसआय. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या दाबाचा उष्णतेचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राने मांडता येतो. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश तापमान असताना दीडपट दाबलेली हवा, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर, ९३ अंशांच्या आसपास बाहेर पडते. विदर्भातल्या मे महिन्यात ती शंभरी सहज ओलांडेल. तापलेली हवा विरळ असते, म्हणून दाब ५० टक्क्यांनी वाढूनही प्रत्यक्षात इंजिनात जाणारी हवा फक्त २६ टक्क्यांनी वाढते. त्यातच एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली गेली की ठिणगीची वाट न पाहता कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. गॅरेजच्या भाषेत इंजिन ठोकायला लागतं. हा ठोका जोराचा असेल तर पिस्टनवरच्या रिंगांच्या पट्ट्या तुटतात, हेड गॅस्केट उडतं, आणि हे घडायला कधीकधी एक घाट पुरतो.

यावर उपाय आहे इंटरकूलर. सत्तर टक्के उष्णता काढून घेणारा इंटरकूलर त्याच हवेला ५०-५५ अंशांवर आणतो आणि हवेची वाढ २६ वरून ४० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे टर्बोच्या किमतीतून मिळणाऱ्या फायद्याचा मोठा हिस्सा इंटरकूलरच मिळवून देतो, आणि तरीही स्वस्त यादीत तो "नंतर बघू" या रकान्यात असतो. टायमिंग मागे घेणं हा दुसरा उपाय. दर पीएसआय बूस्टमागे साधारण एक अंश, असा अंदाज जाणकार धरतात. डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून टायमिंग मागे घेतलं तर ते सगळीकडेच मागे जातं. मग बूस्ट नसताना गाडी सुस्त होते, पिकअप मूळपेक्षाही कमी होतो. टायमिंग बूस्टप्रमाणे बदलायचं तर त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

मूळचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ते का करत नाही? त्या काळातल्या अनेक एमपीएफआय गाड्यांमध्ये इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो, आणि तो वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. टर्बोशिवायच्या इंजिनात त्याच्या पुढचा दाब कधी येतच नाही. टर्बो बसवल्यावर दाब त्याच्या वर गेला की ईसीयूला तो कळत नाही, आणि तो जुन्या कोष्टकाप्रमाणेच पेट्रोल देत राहतो. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, म्हणजे नेमक्या सर्वात धोक्याच्या क्षणी मिश्रण लीन.

आता यात इथलं पेट्रोल मिसळा. देशभरच्या पंपांवर आज इथेनॉल २० टक्के असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमुळे त्याचा ऑक्टेन वाढतो, ही टर्बोवाल्यांच्या बाजूची गोष्ट आहे आणि ती मान्य करायला हवी. पण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे या इंधनाला हवेचं प्रमाण १४.७ ऐवजी साडेतेराच्या जवळ लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेली जुनी गाडी पूर्ण रेसवर या इंधनावर मुळातच थोडी लीन चालते. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक सुधारून घेतो, पण पूर्ण रेसवर त्या काळातले बहुतेक ईसीयू त्याचं ऐकत नाहीत. कार्बोरेटरच्या गाडीत तर सुधारणारं कुणीच नाही. अर्धा बार बूस्ट अशा गाडीत "काही होत नाही"च्या पलीकडे केव्हाच गेलेला असतो.

हा सगळा धोका मोटार कंपन्यांनी स्वतः अनुभवला आहे, आणि त्यांचा इतिहास स्वस्त हिशोबाविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा आहे. १९६२ साली जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी जवळपास एकाच वेळी टर्बो गाड्या बाजारात आणल्या. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरमध्ये साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन होतं आणि त्याचं कम्प्रेशन १०.२५:१ असं चढं ठेवलं होतं. बूस्ट होता जेमतेम ५ पीएसआय, आजचे शौकीन ज्याला किरकोळ म्हणतात तेवढा. इंजिन ठोकू नये म्हणून कंपनीने मिथेनॉल आणि डिस्टिल्ड पाण्याचं मिश्रण हवेत फवारण्याची सोय केली. या द्रवाची वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरत राहायची होती. मालक विसरत. टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट अडवायची आणि गाडी मरगळायची. दोन वर्षांत, दहा हजारांच्या आत गाड्या खपल्यावर जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीने ग्राहकांच्या गाड्यांमधला टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय केली, आणि अनेकांनी ती स्वीकारली.

त्याच वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडरमध्ये मात्र कम्प्रेशन आधीच ८:१ पर्यंत उतरवलं होतं. टर्बो कॉर्व्हेअर १९६६ पर्यंत विकली गेली. नंतर युरोपने हाच धडा गिरवला. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचं कम्प्रेशन ६.९:१ होतं, पोर्श ९११ टर्बोचं ६.५:१. स्वीडनच्या साबने ९९ टर्बोमध्ये छोटा टर्बो आणि बूस्टवर लगाम ठेवणारी वेस्टगेट वापरून रोजच्या वापराची टर्बो गाडी दिली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पेर गिलब्रांड यांच्या चमूने इंजिनाचा ठोका सेन्सरने ऐकून बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली. या सगळ्या कंपन्यांकडे धातुशास्त्रज्ञ होते, चाचणीची बाकं होती, पैसा होता. तरी त्यांना कम्प्रेशन उतरवावं लागलं किंवा मोजमापाची यंत्रणा उभारावी लागली. जुन्या गाडीच्या मालकाला हे दोन्ही टाळता येईल, असं मानायला आधार काय?

इथे समर्थक सुझुकीचं नाव घेतात, आणि उदाहरण चांगलं आहे. १९८७ मध्ये सुझुकीने जपानमध्ये अल्टो वर्क्स आणली. ५४३ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ६४ अश्वशक्ती. भारतात १९८६ पासून धावलेली मारुती ८०० याच पिढीच्या अल्टोवर बेतलेली. तिचं ७९६ सीसी इंजिन त्याच कुळातलं आणि कार्बोरेटरवर जेमतेम ४० अश्वशक्तीचं. मग ५४३ सीसीला जे जमलं ते ७९६ सीसीला का जमू नये? कारण वर्क्समध्ये टर्बोखेरीज बरंच काही होतं. दोन कॅमशाफ्टचं बारा व्हॉल्व्हचं हेड होतं, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन होतं, इंटरकूलर होता, आणि बूस्ट येणार हे गृहीत धरून सगळं इंजिन जुळवलेलं होतं. वर्क्सचं ते टर्बो इंजिन आपल्याकडच्या ८०० मध्ये कधीच आलं नाही. आपल्याकडे आली ती साधी एका कॅमशाफ्टची, सहा व्हॉल्व्हची आवृत्ती. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांमध्ये टर्बो सोडून एवढ्या गोष्टी वेगळ्या असतील, तर वर्क्सचा दाखला स्वस्त हिशोबाच्या विरोधातच जातो.

"अमेरिकेत पोरं घरी करतात" हा पुढचा दाखला. करतात, आणि उत्तम करतात. ग्रासरूट्स मोटरस्पोर्ट्स या मासिकाची २००० डॉलरची स्पर्धा प्रसिद्ध आहे. तेवढ्या पैशांत गाडी विकत घेऊन, तयार करून ती पळवायची. तिथल्या टर्बो गाड्या पाहून कुणालाही हुरूप यावा. मात्र त्या स्पर्धेत स्वतःच्या श्रमाची किंमत धरली जात नाही, आणि गाडीचे नको असलेले भाग विकून आलेला पैसा मर्यादेत वजा करता येतो. म्हणजे २००० डॉलरमागे एक सुसज्ज गॅरेज, वेल्डिंग मशीन आणि अनेक शनिवार-रविवार उभे असतात. गावातल्या वेल्डरला, लेथवाल्याला आणि इंजिन उतरवणाऱ्या मेस्त्रीला रोज मोजणाऱ्या इथल्या माणसाला तो आकडा लागू होत नाही.

याहून महत्त्वाचा फरक भंगारात आहे. अमेरिकेत फोर्डचं २.३ लिटरचं इंजिन पिंटोपासून मस्टँगपर्यंत असंख्य साध्या गाड्यांमध्ये होतं आणि १९८० च्या दशकात त्याचीच टर्बो आवृत्ती मस्टँग एसव्हीओ आणि थंडरबर्ड टर्बो कूपेमध्ये आली. तिच्यात फोर्ज केलेले पिस्टन होते, कम्प्रेशन उतरवलेलं होतं. व्होल्वोच्या २४० मालिकेचंही तसंच, साधं इंजिन आणि टर्बो इंजिन एकाच ब्लॉकचे भाऊ. तिथला शौकीन भंगारातून टर्बोबरोबर पिस्टन, इंजेक्टर, मॅनिफोल्ड, ईसीयू असा कंपनीने जुळवलेला अख्खा संच उचलतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, दिल्लीच्या मायापुरीत किंवा चेन्नईच्या पुदुपेटमध्ये जाऊन एस्टीमच्या इंजिनाची टर्बो आवृत्ती शोधली तर मिळणार नाही, कारण ती भारतात विकलीच गेली नाही. मिळतो तो सुटा टर्बो, आणि तोही बहुधा डिझेलचा.

डिझेलच्या टर्बोबद्दलचा गैरसमज वेगळा सांगायला हवा. फियाटच्या १.३ मल्टिजेट इंजिनाने आपल्याकडे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्या ओढल्या. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत होतं. त्यामुळे त्यावरचा छोटा टर्बो भंगारात मुबलक आहे. पण डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो. डिझेलचा टर्बो ८०० अंशांच्या आसपासच्या उष्णतेचा विचार करून बनतो, तर जोरात चाललेल्या पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट ९०० ते १००० अंशांवर जातो. अशा उष्णतेत टर्बाइनच्या घराला तडे जातात, वेस्टगेटची झडप वाकते. डिझेलच्या अनेक टर्बोंना पाण्याचं कूलिंगही नसतं. गाडी घाट चढून लगेच बंद केली की शाफ्टभोवतीचं ऑइल करपून कार्बन साठतो. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या शाफ्टला तो कार्बन पुरेसा घातक असतो.

याच गोंधळातून आणखी एक युक्तिवाद येतो. टाटांनी इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाला पुढे टर्बो दिला, जुन्या जीपांच्या डिझेल इंजिनांवर लोक बाहेरून टर्बो चढवतात, मग पेट्रोलचीच एवढी भीती का? कारण डिझेल इंजिनात हवा एकटीच दाबली जाते आणि इंधन शेवटी येतं. दाबताना पेट घ्यायला तिथे काही नसतंच. डिझेलला जास्त हवा मिळाली तर ते उलट थंड आणि स्वच्छ जळतं, पेट्रोलला जास्त हवा मिळाली की ते तापतं. जीपवर चाललेला प्रयोग पेट्रोलच्या झेनवर चालेलच, हे अनुमान इथे कोसळतं.

मग घरचा टर्बो अशक्य आहे का? अजिबात नाही. स्वस्त हिशोबाचे समर्थक ज्या बाजूला पाहत नाहीत, तिथेच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खरी स्वस्ताई आली आहे. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट हा घरी जोडता येणारा ईसीयू आणला. पुढे आर्डुइनोच्या बोर्डावर चालणारा, खुल्या आराखड्याचा स्पीडुइनो आला. बूस्ट वाचणारा दाबाचा सेन्सर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि असा ईसीयू असेल, तर प्रत्येक आरपीएमला, प्रत्येक दाबाला किती पेट्रोल आणि किती टायमिंग, हे लॅपटॉपवर बसून ठरवता येतं. कधीकाळी कंपन्यांच्या प्रयोगशाळेत असलेली ताकद इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या हाती आली आहे. हॉट रॉड मासिकाने भंगारातल्या ४.८ लिटरच्या शेव्हरोले इंजिनावर दोन टर्बो लावून १२०० अश्वशक्तीच्या वर मजल मारली, तो प्रयोग या मंडळींना तोंडपाठ असतो. त्यातली दोन वाक्यं मात्र सांगताना गाळली जातात: उष्णतेने फुगून अडकू नयेत म्हणून रिंगांच्या टोकांमधलं अंतर आधी वाढवून घेतलं होतं, आणि इंजिन स्वतंत्र ईसीयूवर, डायनोवर, मोजमापाखाली चाललं होतं.

टर्बोभोवतीची किरकोळ वाटणारी कामंही यादीत हवीत. ऑइलचा परतीचा पाइप जाड आणि उताराचा असावा लागतो, आणि तो चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर उघडावा लागतो. इथे बारीक पाइप वापरला की ऑइल सीलमधून निसटतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि चांगला टर्बो खराब ठरवून परत भंगारात जातो. स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचे लागतात, त्यांची गॅप कमी करावी लागते, कारण दाट हवेतून ठिणगी पाडायला कॉइलला जास्त जोर लागतो. क्लच तग धरेलच असं नाही. आणि या सगळ्याच्या आधी इंजिनाचं कम्प्रेशन तपासायला हवं. लाखभर किलोमीटर धावलेल्या, रिंगा झिजलेल्या इंजिनावर बूस्ट चढवला तर दाब थेट चेंबरमध्ये उतरतो आणि डिपस्टिकच्या नळीतून ऑइल बाहेर फेकतो. इंजिनचं काम काढायचं असेल, तर ते टर्बोच्या आधी काढावं लागतं. तो खर्च बहुतेक वेळा टर्बोपेक्षा मोठा असतो.

ब्रेकचं गणित तर कुणीच मांडत नाही. ताशी १०० ऐवजी १२० वेगाने धावणाऱ्या गाडीत २० टक्के नव्हे, ४४ टक्के जास्त ऊर्जा असते, आणि ती सगळी ब्रेकना गिळावी लागते. वीस वर्षांच्या गाडीचे मागचे ड्रम, फुगलेले रबरी होज आणि बारा-तेरा इंची चाकं यांची निवड ४०, ६५ किंवा फार तर ८५ अश्वशक्तीसाठी झालेली होती.

उरतो शेवटचा युक्तिवाद, सर्वात पोकळ आणि सर्वात लोकप्रिय: आरटीओला बोनेट उघडून कोण दाखवतंय? कायद्यात इथे संदिग्धता फारशी उरलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने ९ जानेवारी २०१९ रोजी याच कलमाचा कडक अर्थ लावला. रंग बदलणं किंवा किरकोळ जोडणी चालेल, उत्पादकाच्या रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ(४) अशा बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. सीएनजी किटला मंजूर किट आणि आरसीवर नोंद असा रीतसर रस्ता आहे. घरी वेल्डिंग केलेल्या टर्बोला असा रस्ता नाही. आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावीच लागते, तेव्हा बोनेट उघडावंच लागतं.

दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा आहे. न कळवलेला इंजिनातला बदल विमा कंपनीला दावा नाकारण्याचं कारण देतो. अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर भरपाईचा बोजा शेवटी मालकावर येऊ शकतो. मोबाइलच्या किमतीत ताकद वाढवण्याचा हिशोब करणाऱ्याने ही शक्यताही त्याच कागदावर लिहायला हवी.

म्हणून यादी नव्याने मांडावी लागते. आधी कम्प्रेशनची तपासणी आणि गरज असेल तर इंजिनाचं काम. मग ब्रेक, टायर, होज, कूलिंग. मग वाइडबँड सेन्सर आणि बूस्ट वाचणारा ईसीयू. मग इंजेक्टर आणि पंप. मग इंटरकूलर. सर्वात शेवटी टर्बो, आणि तोही शक्यतो पेट्रोलचा. १.० इकोबूस्ट, पोलो टीएसआय, बलेनो आरएस, पेट्रोल नेक्सॉन अशा गाड्यांचे टर्बो आता अपघातग्रस्त गाड्यांमधून मिळू लागले आहेत. ही यादी पूर्ण केल्यावर गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी उरत नाही. ती बंद ट्रॅकवर किंवा अँबी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी भरणाऱ्या शर्यतींमध्ये, ट्रेलरवर नेऊन, पळवायची गाडी होते. ज्याला यंत्र समजून घ्यायचं आहे, चुका मोजायच्या आहेत, त्याच्यासाठी हा पैसा वाया जात नाही.

पण ज्याला रोज ऑफिसला जायच्या जुन्या एस्टीममध्ये स्वस्तात पिकअप हवा आहे, त्याला हा हिशोब विकणारा माणूस फसवतो आहे. अशा मालकाने कम्प्रेशन तपासून घ्यावं, इंजेक्टर साफ करून घ्यावेत, प्लग, एअर फिल्टर आणि क्लच बदलावा, चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं. कंपनीने दिलेले आणि वर्षानुवर्षं हरवलेले अश्व परत मिळवायला एवढं पुरतं, ते कायद्यात बसतं आणि त्याचा खर्च टर्बोच्या पहिल्या हप्त्याइतकाही येत नाही.